पाच-सहा जणांचे घर: अमेरिकेतील लहान निवासी वृद्धसेवेचा इतिहास आणि अपत्यांपुढील निवडीचा प्रश्न

प्रास्ताविक

वृद्ध आईवडिलांची निगा घरी राखणे अशक्य झाल्यावर त्यांची सोय कोठे करावी, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा नात्याच्या आणि कर्तव्याच्या भाषेत विचारला जातो. मराठी रंगभूमीवर 'नटसम्राट' (१९७०) आणि 'संध्याछाया' (१९७३) या नाटकांनी वृद्धांच्या एकाकीपणाला जे स्थान मिळवून दिले, त्याचा केंद्रबिंदूही कुटुंबच होते. मुले कशी वागली, हा तेथील मुख्य प्रश्न होय. 'वृद्धाश्रम' या शब्दाचीही गंमत अशी की, 'आश्रम' या पदामुळे त्याला वानप्रस्थाची सात्त्विक छाया लाभते. प्रत्यक्षात मात्र तो घरात उच्चारला गेला की सगळे गप्प होतात.

प्रस्तुत लेखाची दिशा थोडी निराळी आहे. मुलगा किंवा मुलगी ज्या वेळी आईसाठी एखादे निवासस्थान निवडते, त्या वेळी तिच्यापुढे कोणते पर्याय असतात आणि ते पर्याय कोणी निर्माण केले, याचा ऐतिहासिक शोध येथे घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी अमेरिकेचे उदाहरण निवडले आहे. साध्या वस्तीतील साध्या घरात पाच ते दहा वृद्धांनी राहावे, तेथेच स्वयंपाक व्हावा, स्नान, कपडे, औषधे, चालणे-फिरणे यांसाठी रात्रंदिवस माणूस हाताशी असावा, परंतु त्या घराचे रुग्णालय होऊ नये, असा जो 'असिस्टेड लिव्हिंग'चा लहान प्रकार आज तेथे सर्वत्र आढळतो, त्याचा इतिहास बराच वळणावळणाचा आहे. हे घर कोणा एका दयाळू व्यक्तीच्या कल्पनेतून जन्मले नाही. कायद्यातील एक वगळणूक, अनुदानाची एक अट आणि काही माणसांचा हट्ट यांतून ते घडत गेले.

दरिद्रगृहापासून भाड्याच्या खोलीपर्यंत

एकोणिसाव्या शतकात निराधार अमेरिकन वृद्धाचा शेवटचा आसरा म्हणजे काउंटीचे दरिद्रगृह. वृद्ध, वेडे, अपंग, अनाथ आणि मद्यपी अशा सर्वांना तेथे एकाच छपराखाली ठेवले जाई. १८७० च्या दशकात विल कार्लटन यांची 'ओव्हर द हिल टू द पुअर-हाउस' ही कविता अफाट लोकप्रिय झाली. मुलांपैकी एकही ठेवून घेईना म्हणून दरिद्रगृहाची वाट धरणारी म्हातारी हा तिचा विषय. म्हणजे कृतघ्न अपत्यांची कथा ही केवळ आपल्याच साहित्याची मिरास नव्हे.

१४ ऑगस्ट १९३५ रोजी संमत झालेल्या सोशल सिक्युरिटी कायद्याने गरीब वृद्धांना रोख साहाय्य देण्याची योजना आणली. मात्र सार्वजनिक संस्थेत राहणाऱ्या व्यक्तीस हे साहाय्य मिळू नये, अशी तरतूद तीत होती. दरिद्रगृहे रिकामी व्हावीत आणि वृद्धांनी स्वतःच्या किंवा आप्तांच्या घरी राहावे, हा त्यामागील हेतू. हेतू चांगलाच होता. परंतु दरिद्रगृहातील अनेकांना घरच नव्हते, आणि पुष्कळांना एकट्याने राहणे शरीराने शक्य नव्हते. त्यांच्या हाती आता दरमहा थोडी रोकड आली होती. मंदीच्या काळात घरातील रिकाम्या खोल्या भाड्याने देऊन गुजराण करणाऱ्या स्त्रियांनी आणि काम गमावलेल्या काही परिचारिकांनी या वृद्धांना ठेवून घेण्यास आरंभ केला. भाडेकरू आजारी पडला की शुश्रूषा आली. शुश्रूषेबरोबर दर वाढला. पुढे ज्याला 'नर्सिंग होम' म्हटले गेले, त्या खासगी व्यवसायाचे आणि लहान निवासी घराचे मूळ असे एकच आहे. कायदा करणाऱ्यांनी यांपैकी कशाचीही योजना केलेली नव्हती.

रुग्णालयाचा साचा

हे एकत्र मूळ फार काळ टिकले नाही. १९५० च्या दुरुस्तीने राज्यांवर अशा संस्थांना परवाने देण्याची जबाबदारी टाकली. १९४६ चा हिल-बर्टन कायदा मुळात रुग्णालयबांधणीसाठी होता. १९५४ मध्ये त्याचे अनुदान नर्सिंग होमलाही लागू झाले. १९५९ च्या गृहनिर्माण कायद्याने त्यांच्या कर्जांना संघराज्याची हमी दिली. अनुदान रुग्णालयाच्या खात्यातून आले, म्हणून आराखडाही रुग्णालयाचा आला: लांब मार्गिका, दोघांची खोली, मध्यभागी परिचारिकांचे टेबल, ठरलेल्या वेळी दिवे मालवणे. रुंद दरवाजे आणि अग्निसुरक्षेचे नियम ज्या जुन्या लाकडी घरांना पाळता आले नाहीत, ती बंद पडली. त्यांतील अनेक घरे खरोखरच धोकादायक होती, हेही सांगितले पाहिजे.

१९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या योजना आल्या. पैकी गरिबांसाठी असलेल्या मेडिकेडने नर्सिंग होममधील निवासाचा संपूर्ण खर्च उचलला. लहान घरातील खोलीभाडे आणि जेवण यांचा मात्र नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाचा अनुभव यातून ठरून गेला. आईची पुंजी संपेपर्यंत ती कोठेही राहू शकते. पुंजी संपल्यावर सरकार ज्या दाराशी पैसे देते, तेच दार उरते. अपत्याच्या 'निवडी'बद्दल बोलताना ही मर्यादा प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

दरम्यान लहान घरे नाहीशी झाली नव्हती; ती फक्त नजरेआड गेली होती. 'बोर्ड अँड केअर' या नावाने ती चालत राहिली. मनोरुग्णालयांतून बाहेर पाठविल्या गेलेल्या माणसांनी त्यांत भर घातली. १९७४ पासून अमलात आलेल्या पूरक उत्पन्न योजनेमुळे या रहिवाशांना थेट मासिक भत्ता मिळू लागला आणि तो बहुतांशी घरमालकाच्या हाती जाऊ लागला. १९७६ च्या 'कीज' दुरुस्तीने राज्यांना अशा घरांसाठी मानके ठरविण्यास सांगितले. मानके न पाळणाऱ्या घरासाठी शिक्षा कोणती, तर तेथील रहिवाशाच्याच भत्त्यात कपात. घर निकृष्ट, दंड म्हाताऱ्याला. असा कायदा कागदावरच राहिला यात नवल नाही. १९८९ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या वार्धक्यविषयक समितीमार्फत प्रसिद्ध झालेल्या अहवालाने या घरांच्या स्थितीला शीर्षकातच 'राष्ट्रीय शोकांतिका' म्हटले.

त्याआधीच्या वर्षी घडलेली एक घटना येथे नोंदविणे अप्रस्तुत ठरू नये. नोव्हेंबर १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे डोरोथिया प्वेंते या स्त्रीच्या भाडेघराच्या अंगणात सात मृतदेह सापडले. वृद्ध व मनोदुर्बल भाडेकरूंचे भत्त्याचे धनादेश ती वटवीत असे. १९९३ मध्ये तीन खुनांबद्दल तिला दोषी ठरविण्यात आले. या प्रकरणातील अस्वस्थ करणारी बाब केवळ क्रौर्याची नाही. समाजकार्यकर्तेच तिच्याकडे माणसे पाठवीत असत; कारण ज्यांना कोणी ठेवून घेत नसे, त्यांना ती ठेवून घेई. घर नीटनेटके होते आणि जेवण चांगले असे म्हणत. लहान घर म्हणजे मायेचे घर, हे समीकरण मांडणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण समोर ठेवावे. लहानपणाचा गुण असा की माणूस ओळखला जातो. दोष असा की त्याला तिसरे कोणी पाहत नाही.

ओरेगॉनचा प्रयोग

१९८१ च्या संघीय कायद्याने राज्यांना एक सवलत दिली: जो वृद्ध अन्यथा नर्सिंग होममध्ये गेला असता, त्याच्या घरी किंवा वस्तीत दिल्या जाणाऱ्या सेवेवर मेडिकेडचा पैसा खर्चता येईल. ही सवलत प्रथम मिळविणारे राज्य ओरेगॉन. तेथे 'अ‍ॅडल्ट फॉस्टर होम' ही व्यवस्था रुजली. एका घरात अधिकाधिक पाच रहिवासी, आणि त्यांची काळजी घेणारी व्यक्ती बहुधा त्याच घरात राहणारी. अनाथ मुलांसाठी असलेली पालकघराची कल्पना वृद्धांकडे वळविली गेली, असे म्हणता येईल.

या व्यवस्थेला आर्थिक पाया होता तसाच एक तांत्रिक पायाही होता, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. इन्शुलिनची सुई टोचणे किंवा जखम बांधणे ही कामे कायद्याने परिचारिकेची. पाच जणांच्या घरात पूर्णवेळ परिचारिका ठेवणे परवडत नाही. ओरेगॉनने परिचारिका व्यवसायाचे नियम बदलून अशी विशिष्ट कामे परिचारिकेने विशिष्ट व्यक्तीला शिकवावीत, तपासावीत आणि विशिष्ट रहिवाशापुरती सोपवावीत, अशी मुभा दिली. एवढ्याशा बदलाने मधुमेही आईला लहान घराचे दार उघडले. रोझली केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओरेगॉनमधील फॉस्टर होम व नर्सिंग होम यांच्या रहिवाशांची तुलना केली. नर्सिंग होममधील रहिवासी एकंदरीत अधिक परावलंबी होते. तथापि दोन्ही गटांत एकमेकांसारखी माणसेही पुष्कळ होती. त्यांतील काहींच्या बाबतीत तरी, कोण कोठे पोहोचले हे निव्वळ प्रकृतीने ठरलेले नव्हते, असा त्याचा अर्थ होतो.

याच काळात पोर्टलंड येथे केरेन ब्राउन विल्सन यांनी 'पार्क प्लेस' उभे केले. वेस्ट व्हर्जिनियात वाढलेल्या विल्सन १९ वर्षांच्या असताना त्यांच्या आईला वयाच्या ५५ व्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. पुढील अनेक वर्षे आईला नर्सिंग होममध्ये काढावी लागली. आपल्यासारख्यांसाठी काहीतरी कर, असे ती मुलीला सांगत राहिली. वार्धक्यशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर मुलीने आईच्या मागण्यांचीच यादी आराखड्यात उतरविली: स्वतःचे दार, त्याला आतून कुलूप, लहानसे स्वयंपाकघर, स्वतःचे सामान, आणि आपणहून बोलावल्याखेरीज कोणी आत न येणे. अतुल गावंडे यांच्या 'बीइंग मॉर्टल' (२०१४) या ग्रंथामुळे ही हकिकत सर्वपरिचित झाली. वृद्धांना अशा मोकळिकीत ठेवणे धोक्याचे ठरेल अशी शंका असल्याने राज्याने तेथील रहिवाशांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवले. गावंडे यांनी दिलेल्या माहितीनुसार १९८८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत रहिवाशांचे समाधान वाढलेले आणि प्रकृती न ढासळलेली आढळली. सरकारी साहाय्यावरील रहिवाशांचा खर्चही नर्सिंग होमपेक्षा २० टक्क्यांनी कमी होता.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पार्क प्लेसमध्ये ११२ स्वतंत्र सदनिका होत्या. संख्येने ते लहान नव्हतेच. विल्सन यांच्या दृष्टीने मोजमापाचे एकक दार हे होते; फॉस्टर होमच्या दृष्टीने ते एकक जेवणाचे टेबल होते. पहिल्यात वृद्धाची सत्ता जपली जाते, दुसऱ्यात सोबत. दोन्ही एकाच नावाखाली आल्यामुळे पुढे बराच गोंधळ झाला. १९९० च्या दशकात हे नाव भांडवलबाजारात गेले. शेकडो खोल्यांच्या इमारतींना, झुंबरे लावलेल्या दिवाणखान्यांना तेच नाव मिळाले, आणि दारावरील कुलूप पुष्कळ ठिकाणी गळून पडले. झुंबर वृद्धासाठी नसते, ते पाहायला येणाऱ्या मुलांसाठी असते, हे चाणाक्ष व्यावसायिकांनी लवकरच ओळखले होते.

सहा खाटा आणि त्यांमागील माणूस

साहाय्यित निवासाची संघराज्यव्यापी व्याख्या अमेरिकेत नाही. प्रत्येक राज्याचे नाव वेगळे, आकडा वेगळा. ओरेगॉनमध्ये पाच. वॉशिंग्टन राज्यात सहा, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर काही अटींवर आठपर्यंत. अ‍ॅरिझोनात दहा. कॅलिफोर्नियात सहा किंवा कमी वृद्धांचे परवानाधारक घर नगररचनेच्या दृष्टीने सामान्य कुटुंबाच्या घरासारखेच मानावे लागते. शेजाऱ्यांनी हरकत घेऊन ते वस्तीबाहेर घालविता येत नाही. परिणामी 'सिक्स-बेड' हा तेथील एक व्यवसायप्रकारच बनला. वास्तुशास्त्र, मानसशास्त्र किंवा करुणा यांपैकी कशानेही सहा हा आकडा ठरविला नाही. तो नगररचनेच्या नियमाने ठरविला.

कॅलिफोर्नियातील अशा घरांपैकी फार मोठी संख्या फिलिपिनो स्थलांतरित चालवितात, आणि तेथे काम करणाऱ्याही मुख्यतः त्याच समाजातील स्त्रिया आहेत. काळजीवाहक त्याच घरात राहते, रात्री तीनदा उठते, आणि तिच्या निद्रेचे तास कामाचे धरावयाचे की नाही यावर वाद चालतात. खर्च आटोक्यात राहतो तो बहुतांशी याच जागी. आपल्याकडे अशा स्त्रीला 'मावशी' म्हणण्याची रीत आहे. नाते जोडले की वेतनाचा प्रश्न विचारणे अवघड होते, हा अनुभव दोन्ही देशांत सारखाच दिसतो. एका आईला घर मिळावे म्हणून दुसरी आई आपल्या घरी जात नाही, ही वस्तुस्थिती कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

लहानपणाची कल्पना पुन्हा नर्सिंग होमकडे नेण्याचे श्रेय वैद्य बिल थॉमस यांना द्यावे लागते. १९९१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील न्यू बर्लिन येथील एका नर्सिंग होममध्ये त्यांनी कुत्री, मांजरे आणि शंभर पक्षी आणले. तथापि इमारत तीच असेल तर दिनक्रमही तोच परततो, असे दिसून आल्यावर २००३ मध्ये मिसिसिपीतील टुपेलो येथे 'ग्रीन हाउस' बांधण्यात आली: प्रत्येकी दहा वृद्ध, स्वतंत्र खोल्या, मध्यभागी उघडे स्वयंपाकघर आणि एकच लांब टेबल. तेथे स्वयंपाक, स्नान आणि सफाई ही सारी कामे एकच व्यक्ती करते. तिला 'शहाबाज' असे नाव दिले गेले. फारसीतील हा राजससाणा मिसिसिपीच्या स्वयंपाकघरात कसा जाऊन बसला, याचे मराठी वाचकाला कौतुक वाटावे. नाव बदलण्यामागे हेतू होता: 'मदतनीस' म्हटले की माणूस उतरंडीच्या तळाशी जातो. केन यांच्याच गटाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत ग्रीन हाउसमधील रहिवाशांचे जीवनमान अनेक अंगांनी सरस आढळले. २०२० च्या महासाथीत अशा लहान घरांतील संसर्ग आणि मृत्यू यांचे प्रमाण पारंपरिक मोठ्या संस्थांपेक्षा कमी राहिल्याचेही नोंदले गेले. कमी माणसांचा वावर आणि स्वतंत्र खोल्या हे त्याचे साधे कारण असावे.

निवडीची घटिका

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही निवड प्रत्यक्षात केव्हा केली जाते? बहुधा पडल्यामुळे खुब्याचे हाड मोडल्यावर, रुग्णालयाच्या खाटेजवळ. १९८३ मध्ये मेडिकेअरने रुग्णालयांना दिवसांनुसार नव्हे, तर निदानानुसार ठराविक रक्कम देण्यास आरंभ केला. रुग्णाला लवकर घरी पाठविणे रुग्णालयाच्या हिताचे झाले. ज्या निर्णयासाठी कुटुंबाला काही महिने मिळायला हवेत, तो मंगळवारी सांगून शुक्रवारी घ्यावा लागतो, याचे मूळ या देयकपद्धतीत आहे. घाईत माणूस जे दिसते ते निवडतो. आणि दिसते ते स्वच्छ फरशी, ताजी फुले, संचालिकेचे हसू.

इतिहास मात्र वेगळ्या गोष्टी विचारायला लावतो. रात्री दोन वाजता कोण जागे असते? काळजीवाहक आजारी पडली तर तिच्या जागी कोण येते? औषधाची सुई कोणी टोचायची, आणि त्याला कोणी शिकविले? आईची स्मृती आणखी ढासळली तर तिला येथून हलवावे लागेल काय? पैसे संपल्यावर मेडिकेड स्वीकारतात काय? आणि तिसरा डोळा कोणाचा? अखेरच्या प्रश्नासाठी अमेरिकेत एक उपयुक्त यंत्रणा उभी राहिली. १९७२ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालेली आणि १९७८ पासून प्रत्येक राज्याला बंधनकारक झालेली लोकपालाची व्यवस्था ही ती होय. तिचे कार्यकर्ते संस्थेत जाऊन रहिवाशांची गाऱ्हाणी ऐकतात. प्वेंतेच्या अंगणात असा कोणी नियमितपणे डोकावला असता तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

याहून कठीण प्रश्न निवड कोणाची, हा आहे. मुलीला आई सुरक्षित हवी असते. आईला स्वतःचे दार हवे असते. पैसे देणारी आणि पाहणी करणारी मुलगी असल्यामुळे सारी व्यवस्था हळूहळू मुलीच्या भीतीभोवती रचली जाते. मधुमेह असलेल्या आईने रात्री बिस्कीट खाल्ले, तर विल्सन यांच्या मूळ कल्पनेत तो तिचा अधिकार होता; आजच्या बहुतेक घरांत ती नोंदवहीतील घटना ठरेल. लहान घरात हा अधिकार अधिक टिकेल असे मानण्याकडे प्रस्तुत लेखकाचा कल आहे. मात्र पाच जणांच्या घरात एकच फ्रीज असतो आणि त्याची किल्ली एकाच व्यक्तीकडे असते, हेही खरे.

भारतीय कायद्याचा संदर्भ

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न दोन्ही टोकांनी भेटतो: तेथे आणलेल्या आईवडिलांसाठी, आणि येथे राहिलेल्यांसाठी. येथील कायद्याचा इतिहास मुख्यतः पोटगीचा आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी अपत्यांवर टाकली. 'विजया मनोहर अरबट विरुद्ध काशीराव राजाराम सवाई' या ठाणे जिल्ह्यातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये विवाहित मुलीवरही ती जबाबदारी असल्याचे स्पष्ट केले. निर्वाह कोठे आणि कशा प्रकारच्या घरात व्हावा, हा प्रश्न या मालिकेत फारसा येत नाही.

तो आला २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यात. त्याच्या १९ व्या कलमानुसार राज्य सरकार टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम स्थापू शकते; आरंभ प्रत्येक जिल्ह्यात किमान एकाने व्हावा, आणि त्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय असावी. तरतूद 'शकते' या क्रियापदावर उभी आहे, तो भाग वेगळा. लक्षणीय आहे तो आकडा. ओरेगॉनचा कायदा अधिकाधिक पाच म्हणतो, आपला कायदा कमीत कमी दीडशे. एकात भीती गर्दीची आहे, दुसऱ्यात खर्चाची. आणि निराधारांची संख्या पाहता दुसरी भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. दरम्यान पुण्यासारख्या शहरांत जुन्या बंगल्यांतून दहा-पंधरा वृद्धांना ठेवणारी खासगी घरे चालू झाली आहेत. १९३५ नंतर अमेरिकेत भाड्याच्या खोल्यांचे जे झाले, त्याच अवस्थेत ती आहेत: गरज खरी, सेवा पुष्कळदा मनापासून, आणि तपासणारे कोणी नाही. अशा संस्थांची नोंदणी आणि किमान मानके यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले, आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा संमत न होताच रद्दबातल झाले.